तिवई आणि अनुस्वार

लहान कॅमेऱ्याचा जन्मच मुळी ट्रायपॉडपासून सुटका व्हावी म्हणून झाला. जर्मनीतील वेट्झलार येथे सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या लाइट्स यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे कुशल कारागीर होते. त्यांना दम्याचा विकार होता. काचेच्या तबकड्या, त्यांची पेटी, मोठा कॅमेरा आणि लाकडी ट्रायपॉड एवढे ओझे पाठीवर घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नसे. म्हणून चलच्चित्रपटाची फीत वापरणारा, खिशात मावेल असा कॅमेरा त्यांनी १९१४ च्या सुमारास स्वतःपुरता तयार केला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तोच ‘लायका’ या नावाने जगापुढे आला. छायाचित्रकार तोपर्यंत एका जागी रोवलेला माणूस होता. यानंतर तो चालू लागला. रस्ता, गर्दी, धावते मूल, अर्धवट हसू या गोष्टी छायाचित्रात आल्या त्या त्याच्या मोकळ्या झालेल्या पायांमुळे.

या घटनेला आता शंभर वर्षे होऊन गेली. आजचा आरसाविरहित लहान कॅमेरा लेन्ससकट पाच-सहाशे ग्रॅमांत बसतो, आणि हाताचा कंप ओळखून आतल्या आत त्याची भरपाई करण्याची युक्तीही त्याच्यात असते. तरीही असा कॅमेरा घेतलेला मनुष्य थोड्याच दिवसांत ट्रायपॉडच्या दुकानाची पायरी चढतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पायरी चढताना त्याच्या मनात एक हिशेब तयार असतो. कॅमेरा लहान, तेव्हा ट्रायपॉडही लहान. कॅमेरा हलका, तेव्हा ट्रायपॉडही हलका. हा हिशेब दिसायला इतका सरळ आहे की तो चुकीचा असेल अशी शंकासुद्धा येत नाही. वस्तुतः ट्रायपॉडची निवड कॅमेऱ्याच्या वजनावर फारच थोडी अवलंबून असते. ज्या वस्तूकडे पाहायचे तिला किती स्थिर दृष्टी हवी आहे, यावर ती ठरते.

ट्रायपॉडला मराठीत तिवई म्हणावयास हरकत नाही. पाण्याचा हंडा किंवा पिंप ज्यावर ठेवतात ती तिवई जुन्या घरांतून सर्वांच्या पाहण्यातली आहे. पोथी चौरंगावर असे आणि हंडा तिवईवर, यात सोयीचा एक विचार होता. चौरंगाला चार पाय. जमीन थोडी खालीवर असली की त्यांतला एक अधांतरी राहतो आणि चौरंग डुगडुगतो. तिवईचे तसे होत नाही. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच, हा भूमितीचा नियम शेणाने सारवलेल्या जमिनीवरही खरा ठरतो. परंतु डुगडुगणे आणि थरथरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि भाषेने त्यांना दोन निराळे शब्द दिले आहेत ते उगाच नव्हे. तीन पाय असले की डुगडुग आपोआप जाते. थरथर मात्र जात नाही. ती पायांच्या जाडीत, सांध्यांत, उंचीत आणि वरच्या हेडमध्ये दडून राहते. ट्रायपॉड निवडणे म्हणजे या थरथरीचा माग काढणे.

थरथरीचे एवढे काय महत्त्व, असे एखादा विचारील. दिल्लीतील एका मराठी संशोधिकेपुढे हाच प्रश्न एका अनुस्वाराच्या रूपाने येऊन उभा राहिला. दक्षिणेतील एका जुन्या ग्रंथसंग्रहात असलेल्या ओवीबद्ध मराठी पोथीचे संपादन त्या करीत होत्या. पोथीची दुसरी प्रत उपलब्ध नव्हती. संग्रहाकडून त्यांना जी छायाचित्रे मिळाली ती कोणीतरी उभ्याने, हातातल्या कॅमेऱ्याने भराभर घेतलेली होती. बहुतेक पाने वाचता येत होती. एका पानावर मात्र ‘करी’ या अक्षरांच्या वर एक पुसट डाग होता. तो अनुस्वार असेल तर शब्द ‘करीं’ होतो, म्हणजे ‘हातात’. नसेल तर ‘करतो’ किंवा प्रसंगानुसार ‘हत्ती’. ओळ शब्द न तोडता सलग लिहिलेली, आणि तिन्ही अर्थ थोड्याफार ओढाताणीने बसणारे. एका टिंबावर ओवीचा कर्ता फिरत होता.

हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यामधले अंतर बोरूच्या एका फटकाऱ्याचे असते. मोडीत तर हात न उचलता लिहिण्याची रीत, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. तेथे अक्षराचे वळण किंचित विरघळले तरी वाचन अडते. लेखनिकाच्या हातून झालेल्या दोषांना संपादनशास्त्रात जागा आहे. त्यांचे प्रकार पाडलेले आहेत, त्यांवरून प्रतींची वंशावळ मांडता येते. छायाचित्र घेणाऱ्याच्या हाताचा कंप मात्र या शास्त्रात कोठे नोंदवायचा? तो पडद्यावर पानावरील डागासारखाच दिसतो, आणि नकळत पाठभेद होऊन तळटीपेत जाऊन बसतो. कोण्या लेखनिकाने कधीही न लिहिलेला पाठ अशा रीतीने ग्रंथात शिरू शकतो. एकाच प्रतीवर उभे असलेले संपादन अशा वेळी फार एकाकी असते. साक्ष द्यायला दुसरे कोणी नसते.

हिशेब केला तर कंपाची मात्रा किती थोडी पुरते ते कळते. सुमारे तीस सेंटिमीटर रुंदीचे पोथीचे पान पाच हजार चित्रबिंदूंत सामावले, तर एक बिंदू पानावरील मिलिमीटरच्या सहा-शतांश भागाएवढा होतो. बोरूने दिलेले अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे टिंब अशा दहाएक बिंदूंचे बनते. छायाचित्र घेताना कॅमेरा तेवढाच हलला, की टिंब आपल्याच जागेवरून पसरते आणि शेजारच्या मात्रेत मिसळते. ग्रंथालयाच्या दालनात प्रखर झोताला मनाई असते, आणि ती योग्यच आहे. खिडकीच्या उजेडात पाव ते अर्धा सेकंद तरी कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवावा लागतो. हाताची भरपाई करणारी आधुनिक युक्ती अर्ध्या सेकंदाचा कंप कदाचित सावरील. परंतु एक छायाचित्र झाल्यानंतर नेमके त्याच चौकटीत, त्याच अंतरावरून दुसरे घेणे तिला शक्य नाही. काही लहान कॅमेरे आपला संवेदक किंचित सरकवीत आठ छायाचित्रे घेतात आणि त्यांतून एक अधिक तपशिलाचे चित्र जुळवतात. ती सोयसुद्धा ट्रायपॉडवाचून बहुधा नीट चालत नाही. एकच चित्र चांगले यावे एवढ्यासाठी आता हात पुरेसा असेल. दोन चित्रे एकमेकांशी ताडून पाहायची असतील, तर पाहणाऱ्याची जागा बदलून चालत नाही.

ही गोष्ट भारतात फार पूर्वी एका माणसाने ओळखली होती. मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून १८५६ साली नेमला गेलेला लिनिअस ट्राइप हा लष्करी अधिकारी १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गेला. विमानाच्या अधिष्ठानावर चोळकालीन तमिळ लेख कोरलेले आहेत. ते एका चित्रात मावणे शक्य नव्हते. ट्राइपने मेण चढविलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर त्यांची क्रमाने चित्रे घेतली, आणि एकवीस मुद्रिते एकापुढे एक जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीचा एक सलग पट तयार केला. कॅमेरा एकाच उंचीवर, भिंतीपासून एकाच अंतरावर, भिंतीला समांतर राहील अशा रीतीने पुनःपुन्हा उचलून मांडल्यावाचून असा पट जुळत नाही. एका मांडणीत ट्रायपॉडचा एक पाय बोटभर खचला असता, तर लेखाची ओळ त्या जागी तुटली असती. या पटाचे सौंदर्य वाखाणले जाते. त्याच्यामागे असलेल्या तीन लाकडी पायांची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

त्याच मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या काळी, १८०३ साली कोरलेला भोसले वंशाच्या चरित्राचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. आज तो पाहावयास जाणाऱ्या मराठी माणसाच्या हाती ट्राइपच्या कॅमेऱ्याहून कितीतरी हलका आणि समर्थ कॅमेरा असतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्र घेण्यास सहसा आडकाठी नसते. ट्रायपॉड उभा करायचा तर मात्र आधी परवानगी काढावी लागते. कॅमेरा तोच, मनुष्य तोच. खाली तीन पाय आले की त्याच्याकडे पाहण्याची रखवालदाराची दृष्टी बदलते. यात जाच आहे हे खरे, परंतु नियमाला एक गोष्ट अचूक कळलेली आहे, हेही मान्य केले पाहिजे. हातात कॅमेरा असलेला माणूस जाता जाता पाहत असतो. ट्रायपॉड लावणारा थांबायला आलेला असतो. जमिनीचा तीन बिंदूंएवढा का होईना, एक तुकडा तो काही वेळापुरता मागून घेतो. म्हणून ट्रायपॉडची निवड दुकानात सुरू होण्यापूर्वी ती परवानगीच्या अर्जात सुरू होते. कोठे, किती वेळ आणि कशासमोर उभे राहायचे हे ज्याचे ठरलेले नाही, त्याला कोणताच ट्रायपॉड योग्य ठरत नाही.

संशोधिकेचा अर्ज मंजूर झाला. सकाळी साडेदहा ते दुपारी एक, झोत वापरायचा नाही, ट्रायपॉड चालेल. मग त्या चांदनी चौकातील कूचा चौधरीच्या कॅमेऱ्यांच्या बाजारात गेल्या. अरुंद गल्लीत दुकानाला दुकान चिकटलेले, आणि दाराशी ट्रायपॉड छत्र्यांसारखे उभे करून ठेवलेले. पहिल्या तीन दुकानांत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला: कॅमेऱ्याचे वजन किती? सहाशे ग्रॅमांच्या आत, असे म्हणताच वीतभर लांबीच्या डब्यात दुमडून बसणारे, किलोच्याही खालचे ट्रायपॉड बाहेर निघत. कशाचे छायाचित्र घ्यायचे आहे, हे विचारणारा दुकानदार चौथा होता. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर काळे पडलेले दोन जुने लाकडी ट्रायपॉड टांगलेले होते.

हलक्या कॅमेऱ्याला हलके पाय का पुरत नाहीत, याची कारणे त्या बाजारात हातांनी चाचपून पाहता येतात. जड कॅमेरा आपल्या भाराने ट्रायपॉडला खाली दाबून धरतो. हलक्या कॅमेऱ्याजवळ तो भार नसतो. त्यामुळे वाऱ्याची झुळूक, शेजारून गेलेले पाऊल, बटनावर ठेवलेले बोट या सगळ्यांचे त्याच्यावर अधिक चालते. ‘इतके किलो पेलतो’ असा जो आकडा पट्टीवर छापलेला असतो, त्याला सर्व कारखान्यांना बांधणारे एकच एक माप नाही. शिवाय पेलणे आणि स्थिर ठेवणे या गोष्टीही एक नव्हेत. दोरीवरही पाच किलोंचे ओझे टांगता येते.

पायांचे भाग किती, ही त्यानंतरची बाब. पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात. तीन भागांचा ट्रायपॉड मिटल्यावर लांब राहतो, पिशवीबाहेर डोकावतो. चार किंवा पाच भागांचा आखूड होतो. पाय उलटे वर दुमडण्याची सोय असली तर चाळीस सेंटिमीटरांच्याही आत येतो. पण प्रत्येक भागागणिक नळी बारीक होत जाते, आणि जमिनीला टेकणारा शेवटचा तुकडा करंगळीएवढा उरतो. शिवाय प्रत्येक जोड म्हणजे थरथरीला आणखी एक वाट. सर्वांत बारीक भाग न उघडताच काम भागत असेल तर तो मिटलेलाच ठेवावा, हा त्यावरचा साधा उपाय. मधला दांडा वर सरकवून उंची मिळवणे हे तर अगदीच शेवटचे; तो पुरता वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक एकांडा खांब उभा राहतो, आणि तिवईचा सारा गुण वाया जातो.

धातू कोणता, हा प्रश्न बव्हंशी पैशाचा असतो. गिट्झो या फ्रेंच नाममुद्रेचा कार्बनतंतूचा ट्रायपॉड १९९४ साली आला, तेव्हापासून हा पदार्थ प्रतिष्ठेचा झाला आहे. तो ॲल्युमिनियमपेक्षा हलका, थरथर लवकर शमवणारा आणि थंडीत हाताला न चावणारा; किंमत मात्र दुप्पट-तिप्पट. दिवसभर डोंगर चढणाऱ्याने ती द्यावी. ज्याला स्टेशनापासून ग्रंथालयापर्यंत रिक्षाने जायचे आहे त्याला ॲल्युमिनियमचे वजन उपकारकच ठरते. आट्याने घट्ट होणारे सांधे सुबक दिसतात. खटका दाबून बंद होणारे थोडे बोजड असतात, परंतु कोणता सांधा उघडा राहिला ते दुरूनही दिसते. घाईच्या कामात हा गुण लहान नाही.

पायांवर हेड बसते, आणि नवख्या माणसाची खरी गल्लत तेथे होते. आज सर्वत्र बॉल हेडची चलती आहे. एका खोबणीत एक गोळा, त्याला आवळणारी एक कळ. कळ सैल केली की कॅमेरा हव्या त्या दिशेला वळतो. प्रवासाला याच्यासारखे सोयीचे दुसरे नाही. परंतु कळ सैल होताच तिन्ही दिशा एकदम सुटतात. पान किंचित तिरके दिसते म्हणून ते सरळ करायला जावे, तर आधी मोठ्या कष्टाने साधलेली समांतरता हातची जाते. स्वस्त बॉल हेडची आणखी एक खोड असते: कळ आवळून हात काढला की कॅमेरा केसभर खाली झुकतो. मोठ्या लेन्सबरोबर आणि जवळच्या वस्तूवर तो केस पुष्कळ मोठा दिसतो. दुकानातच ही परीक्षा करता येते. भिंतीवरच्या एखाद्या खिळ्यावर चौकटीचा मध्य धरावा, कळ आवळावी, हात काढावा, आणि खिळा मध्याशी राहतो का ते पाहावे.

दुसरा प्रकार तीन दांड्यांच्या हेडचा. मागेपुढे, डावीकडे-उजवीकडे झुकणे आणि आडवे फिरणे या तीन हालचालींना तीन स्वतंत्र दांड्या. एक सैल केली तरी दोन जागेवर राहतात. ते बोजड असते, पिशवीत अडकते, दिसायला जुनाट वाटते. तिसरा प्रकार दातेरी चाकांचा. एकेक दाता फिरवून हालचाल करता येते. नक्कल घेण्याच्या कामाला तो सर्वोत्तम, पण त्याचे वजन बहुधा किलोच्या वर जाते, म्हणजे वर ठेवायच्या कॅमेऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. निवड या तिहींत करायची असते, आणि ती करताना स्वतःला एकच प्रश्न विचारणे पुरते: आपण एकदा साधलेली चौकट पुन्हा मोडणार आहोत, की तिच्यात थोडी थोडी दुरुस्ती करीत जाणार आहोत? संपादनाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागणार नाही.

शेवटी उरते ती कॅमेऱ्याच्या तळाशी बसणारी प्लेट. कॅमेऱ्याच्या पोटातील पाव इंच व्यासाचा, इंचाला वीस आटे असलेला स्क्रू आज जगभर चालतो; कारखाने निराळे, देश निराळे, पण एवढ्या एका बाबतीत सर्वांनी एक लिपी मान्य केली आहे. प्लेटच्या आकाराबाबतही आर्का-स्विस या नावाने ओळखली जाणारी, सुमारे अडतीस मिलिमीटर रुंदीची, उतरत्या कडांची पद्धत पुष्कळांनी उचलली आहे. लहान कॅमेऱ्याला मात्र मोठी प्लेट जाचते. बॅटरीचे आणि कार्डाचे झाकण तिच्याखाली दडते, आणि बॅटरी बदलण्यासाठी साऱ्या मांडणीवर पाणी सोडावे लागते. अडीच तासांच्या परवानगीत ही लहान बाब मोठी होऊन बसते.

संशोधिकेने घेतलेला ट्रायपॉड तीन भागांचा, ॲल्युमिनियमचा आणि खटक्यांचा होता. त्याचा मधला दांडा काढून आडवा बसवता येत असे. वर तीन दांड्यांचे लहान हेड आणि झाकण मोकळे ठेवणारी अरुंद प्लेट. सारे मिळून वजन सव्वादोन किलोंच्या घरात गेले, म्हणजे कॅमेऱ्याच्या चौपट. एवढ्याशा कॅमेऱ्याला एवढा ट्रायपॉड, असे पहिल्या तीन दुकानदारांपैकी एक जण त्या परतताना म्हणालाच.

ग्रंथसंग्रहाचे वाचनदालन वरच्या मजल्यावर होते, आणि जमीन फळ्यांची. बासन सोडून पोथी मेजावर ठेवण्यात आली. पोथी भिंतीसारखी उभी राहत नाही, आडवी पडते. म्हणून कॅमेऱ्यानेही सरळ खाली पाहिले पाहिजे. त्यासाठी दांडा आडवा करून त्याच्या टोकाला कॅमेरा लावावा लागतो. अशा वेळी सारा तोल एका बाजूला जातो. एक पाय त्याच बाजूला पुढे करून ठेवणे आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांची पिशवी अडकवणे हा त्यावरचा उपाय. पिशवी अधांतरी झुलू न देता खुर्चीला टेकलेली ठेवायची, नाही तर तीच लंबक होते. कॅमेरा पानाला समांतर झाला की नाही हे पाहायची जुनी युक्ती आहे: पानाच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवायचा. लेन्सला आरशात स्वतःचेच प्रतिबिंब नेमके चौकटीच्या मध्यावर दिसले, की दोघे समोरासमोर आले. उजेड दोन्ही अंगांनी सारखा यावा लागतो. ट्यूबलाइट लावलेली असेल, तर तिचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतो. फार थोडा वेळ डोळा उघडला तर पानावर पट्टे उमटण्याची भीती. ट्रायपॉड असल्यामुळे सावकाश वेग घेता येतो आणि ती अडचण आपोआप टळते. कॅमेऱ्यातील कंपभरपाई बंद करायची, कारण मुळात कंपच नसला की काही कॅमेऱ्यांत ती स्वतःच कंप निर्माण करते. बटन दाबल्यावर दोन सेकंदांनी चित्र घेतले जाईल अशी योजना करायची, म्हणजे बोटाचा धक्का तोवर शमतो.

मदतीला आलेल्या विद्यार्थिनीने पहिल्याच पानाला विचारले, “मॅडम, मी पाठ धरून उभी राहू का, पान उडायला नको म्हणून?”

“पान उडणार नाही, पंखा बंद आहे. तू फक्त हलू नकोस. फळ्या हलतात.”

त्यानंतर दालनात कोणी चालू लागले की दोघी थांबत. पावले दूर जात, फळ्या शांत होत, मग बटन दाबले जाई. अडीच तासांत मोजकीच पाने झाली. बोरू घेऊन बसणारा लेखनिक याहून फार वेगाने लिहीत असेल असे नाही. जुन्या लेखनिकांनी पोथीच्या शेवटी आपल्या वाकलेल्या पाठीची आणि शिणलेल्या डोळ्यांची तक्रार नोंदवून ठेवलेली आढळते. त्यांना शरीरानेच स्थिर राहावे लागे. ट्रायपॉड त्या शरीराचा थोडा भार आपल्यावर घेतो, इतकेच. वेळ मात्र पूर्वीइतकाच द्यावा लागतो.

‘करी’चे पान आले तेव्हा पाऊण वाजत आला होता. त्या पानाची चार चित्रे घेतली गेली. एक दोन्हीकडून उजेड असताना. एक डावीकडचा उजेड अडवून आणि एक उजवीकडचा अडवून. चौथे, ग्रंथपालांनी स्वतः पानाखाली हलकेच पांढरा कोरा कागद सरकवल्यानंतर. या साऱ्या वेळात कॅमेरा, हेड आणि पाय यांना कोणी हात लावला नाही, आणि पान सरकले तेवढे खुणेवर परत आणले गेले. संध्याकाळी चारही चित्रे एकावर एक ठेवून पाहिली तेव्हा अक्षरे जागच्या जागी राहिली; शाई कोणत्याही उजेडात शाईच होती. वरचे टिंब मात्र बदलत गेले. उजेड डावीकडून आला तेव्हा त्याची एक कड काळी झाली, उजवीकडून आला तेव्हा दुसरी. आणि खाली पांढरा कागद येताच ते पांढरे झाले. कसरीने पाडलेले ते बारीक छिद्र होते. त्याच्यातून इतके दिवस खालच्या पानाची शाई डोकावत होती.

हे नुसत्या डोळ्यांनीही कळले नसते का? संशोधिका पानावर वाकून, भिंग लावून पाहत्या, तर कदाचित कळले असते. परंतु एकाच्या डोळ्यांनी पाहिलेले दुसऱ्यापुढे ठेवता येत नाही. तेथे विश्वासाचा प्रश्न येतो. चार चित्रे कोणीही, कोठेही, कितीही वेळा ताडून पाहू शकतो. तुलना करणाऱ्या शास्त्रांची हीच पहिली अट आहे. ज्यांची तुलना करायची ते बदलोत; पाहणाऱ्याची जागा त्या अवधीत बदलता कामा नये, आणि बदललीच तर किती बदलली ते सांगता आले पाहिजे. साहित्याच्या अभ्यासात ही अट पाळणे किती दुष्कर आहे ते सर्वांना ठाऊक आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत ती सव्वादोन किलोंत पाळता येते, ही त्या मानाने स्वस्ताईच म्हटली पाहिजे.

लहान कॅमेऱ्याने छायाचित्रकाराला पाय दिले, आणि त्याचे उपकार विसरण्याचे कारण नाही. पोथी पाहावयास शेकडो मैल जायचे तर कॅमेरा लहानच हवा. मात्र पोहोचल्यावर थांबण्यासाठी जे लागते ते लहान असून भागत नाही. आणि प्रवासात जड वाटणाऱ्या वस्तूची खरी किंमत मुक्कामावर कळते. सोबत नेववत नाही असा उत्तम ट्रायपॉड घरी ठेवण्यात अर्थ नाही, आणि सहज नेववतो पण पोथीपुढे थरथरतो तोही नेण्यात अर्थ नाही. या दोहोंच्या मध्ये जो सापडतो तो प्रत्येकाचा निराळा असतो, कारण प्रत्येकाची पोथी निराळी असते.

संपादनाच्या त्या ओवीत आता ‘करी’ हा पाठ निश्चित झाला आहे, आणि संदर्भाने त्याचा अर्थ ‘करतो’ असा लागला आहे. तळटीप एवढीच आहे: वरील टिंब अनुस्वार नसून कसरीचे छिद्र आहे. तिच्यात ट्रायपॉडचा उल्लेख नाही. असण्याचे कारणही नाही.